मेंदूसाठी कोलीन : मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. चोवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. पूर्वी लोक चिठ्ठी घेऊन यायचे, आता मोबाईल पुढं करतात. "काय ओ दादा, हे आहे काय? डोक्याला चांगलं असतंय म्हणं." फोटोत बहुतेक वेळा कोलीनचा कुठला तरी डबा असतो. गर्दीच्या वेळी दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथं लिहून ठेवतोय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कोलीन म्हणजे नक्की काय? जीवनसत्त्व, औषध की टॉनिक?

तिन्ही नाही. तो अन्नातला एक आवश्यक घटक आहे, बी गटातल्या जीवनसत्त्वांचा शेजारी म्हणा. आपलं यकृत थोडं कोलीन स्वतः तयार करतं, पण तेवढ्यावर भागत नाही, बाकीचं ताटातून यावं लागतं. नाव जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात ते पित्तात सापडलं आणि पित्ताच्या ग्रीक शब्दावरून 'कोलीन' झालं. त्याचा भाऊबंद लेसिथिन अंड्याच्या बलकात सापडला आणि त्याचं नावही ग्रीकमधल्या बलकावरूनच पडलं. म्हणजे कशात काय आहे ते नाव ठेवणाऱ्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. तरी 'हे माणसाला अन्नातून मिळालंच पाहिजे' असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं अधिकृतपणे मान्य करायला १९९८ उजाडलं. बी-१२ घराघरात माहीत आहे आणि कोलीन नाही, ते यामुळेच.

शरीरात त्याला कामं बरीच आहेत. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं. यकृतातली चरबी बाहेर नेण्याच्या कामी येतं. कोलीन अजिबात मिळालं नाही तर यकृतात चरबी साठते. निरोगी पुरुषांना तीन आठवडे कोलीन नसलेला आहार दिला तेव्हा त्यांच्या रक्तातलं यकृताचं एन्झाइम वाढलेलं दिसलं होतं. आणि तिसरं काम मेंदूचं, ज्याच्यावर हे डबे विकले जातात.

मेंदूशी संबंध काय?

कोलीनपासून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बनतं. एका मज्जापेशीचा निरोप पुढच्या पेशीला किंवा स्नायूला पोचवणारा हा टपालवाला. लक्ष लागणं, नवीन गोष्ट डोक्यात बसणं, स्नायू आखडणं, हृदयाची गती मंदावणं, लाळ सुटणं, सगळीकडे त्याची ये-जा.

याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, पहिल्याच्या मज्जातंतूला विजेचा झटका देऊन त्याची गती कमी केली आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं. दुसरंही मंदावलं. निरोप विजेनंच नव्हे, रसायनानंही जातो हे असं १९२१ मध्ये कळलं. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

आता हेच आपल्या शिवारात बघू. ऊस-भाजीपाल्यावर औषध मारताना तोंडाला फडकं नाही, हातमोजे नाहीत आणि वारं उलटं फिरलं की माणसाला घाम फुटतो, तोंडातून लाळ गळते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. टपाल येत राहतं, उचलायला कोणी नाही, ढीग साचतो. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सारख्या सरकारी दवाखान्यात अशा रुग्णाला अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं एकामागून एक द्यावी लागतात.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे धोत्रा. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो तोच. त्यात अ‍ॅट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात, ती टपालपेटीचं तोंडच बंद करतात. चुकून खाल्लेला माणूस बरळतो, तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, घरच्यांना ओळखत नाही. धोत्र्याचं हे टोक ध्यानात ठेवा, पुढं माझ्या आत्याच्या गोष्टीत लागणार आहे.

मग सरळ आहे की! कोलीन खाल्लं की अ‍ॅसिटिलकोलीन वाढणार, आणि स्मरणशक्तीही?

जाहिरात एवढ्यावरच उभी आहे, आणि घोटाळाही इथंच आहे. निरोगी माणसाच्या मेंदूत कोलीन किती शिरावं याला फाटक आहे. रक्तात ते दुप्पट झालं म्हणून मेंदूत टपाल दुप्पट होत नाही. गच्चीवरची टाकी भरलेली असताना मोटर चालू ठेवली तर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातूनच जाणार. टाकी खरोखर रिकामी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पहिला प्रश्न 'कुठला डबा चांगला' हा नसून 'मला कमी पडतंय का' हा आहे.

रोज किती लागतं?

अमेरिकी मापाप्रमाणे प्रौढ पुरुषाला ५५० मिलिग्रॅम, बाईला ४२५, गरोदरपणी ४५०, बाळ अंगावर पीत असताना ५५०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये प्रौढांसाठी ४०० ठरवलं, गरोदरपणी ४८०, स्तनपानात ५२०. दोन्हीकडे याला 'पुरेसं प्रमाण' म्हणतात, कारण काटेकोर गरज काढण्याइतका पुरावा नव्हता. त्यामुळे ५५० च्या जागी ४८० झालं म्हणून घाबरू नका.

पाळी चालू असलेल्या बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेनमुळे कोलीन थोडं जास्त तयार होतं. पाळी गेल्यावर ही सवलत संपते. काहींच्या जनुकांत असा फरक असतो की त्यांना मुळातच अन्नातून जास्त लागतं. घरोघरी कोणी ही तपासणी करत नाही, आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही कोलीन नसतं. लॅबमध्ये जाऊन 'माझं कोलीन काढा' म्हणू नका.

कशात किती असतं?

अंड्यात. बाकी सगळं नंतर.

एका मोठ्या अंड्यात साधारण १४७ मिलिग्रॅम कोलीन असतं आणि ते जवळजवळ सगळं पिवळ्यात. पांढऱ्यात नावापुरतं. अंडी लहान असतील तर थोडं कमी धरा.

आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर संध्याकाळी अंड्याची गाडी लागते. जिमची पोरं येतात. "मामा, सहा उकडलेली, पिवळं काढून." मामा सुरीनं अंडं उभं चिरतो, अंगठ्यानं बलक बाहेर ढकलतो, पांढऱ्या वाट्यांवर मीठ-मिरपूड मारून प्लेट पुढं करतो. बलक गाडीखालच्या तांबड्या कुत्र्याला. सहा बलक म्हणजे ८८० च्या आसपास मिलिग्रॅम, पुरुषाच्या दीड दिवसाच्या गरजेहून जास्त कोलीन, रोज संध्याकाळी. त्यातलाच एक पोरगा प्लेट संपवून रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि 'ब्रेन बूस्टर' मागितला. मी त्याला डबा दाखवायच्या आधी कुत्रा दाखवला. पोरगा हसला, पण डबा घेऊनच गेला. कुत्र्याचा केस मात्र असा तुकतुकीत आहे म्हणून सांगू.

कोलेस्टेरॉलची भीती असते हे मला कळतं. निरोगी माणसाला रोज एक पूर्ण अंडं सहसा चालतं. साखर असेल, कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, हृदयाची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून आकडा ठरवा.

दुसरा नंबर कलेजीचा. शिजवलेल्या कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास मिळतं. गरोदर बाईनं मात्र कलेजीवर ताव मारू नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते जास्त झालं तर बाळाला बाधतं. चिकन किंवा मासे ८५ ग्रॅम खाल्ले तर ७० च्या घरात. आणि भेजा खाऊन भेजा वाढतो म्हणणाऱ्या मंडळींना एवढंच सांगेन की त्यात कोलेस्टेरॉल इतकं असतं की अंड्याला घाबरणाऱ्यानं तिकडं बघूसुद्धा नये.

आम्ही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. मग?

मग थोडं जुळवावं लागतं, पण जमतं. अर्धी वाटी भाजलेल्या सोयाबीनमध्ये १०० च्या वर कोलीन आहे, शाकाहारात याला तोड नाही. शिजवलेला राजमा अर्धी वाटी घेतला तर ४५. एक मोठा बटाटा सालीसकट ५०-५५. कपभर दूध किंवा दही ४० च्या आसपास. मूठभर शेंगदाणे २०-२५, फ्लॉवरची अर्धी वाटी तेवढंच. वाटी म्हणजे इथं मोठी वाटी, नैवेद्याची नव्हे.

गंगावेशीत म्हशीच्या कासेखालचं दूध उभ्या-उभ्या पिणाऱ्यांना प्रथिनं, कॅल्शियम आणि बी-१२ ची तरी मदत होते. नुसत्या दुधावर कोलीनचा हिशेब मात्र पुरा होत नाही. सोयाबीन, कडधान्य आणि दूध-दही रोज असेल तर दोन-तीनशेपर्यंत सहज जाता येतं, थोडं यकृत बनवतं. दूधही न घेणाऱ्या गरोदर बाईबद्दल मला खरी काळजी वाटते, तिच्यासाठी पुढचा वेगळा प्रश्न वाचा.

आणि बदाम? थंडाईत आम्ही लहानपणापासून पितोय.

दहा बदामांत कोलीन सहा मिलिग्रॅमच्या आसपास. तालमीतल्या पैलवानाची थंडाई बंद करायला सांगायची माझी छाती नाही, आणि गरजही नाही, बदाम चांगलाच आहे. पण परीक्षेच्या सकाळी पोराच्या हातावर चार भिजवलेले बदाम ठेवले, त्यात कोलीन शोधू नका.

बाजारात इतके प्रकार का? कुठला कशापासून वेगळा?

डब्यावरचा आकडा आणि त्यातलं कोलीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक इथंच फसतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कोलीन बायटार्ट्रेट सगळ्यात साधं आणि स्वस्त. वजनाच्या साधारण ४० टक्के कोलीन. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत २०० च्या आसपास.

सिटिकोलीन म्हणजे सीडीपी-कोलीन. यात कोलीन पाचवा हिस्सा, बाकीचं सायटिडीन आणि फॉस्फेट. ५०० च्या गोळीत कोलीन जेमतेम १०५, म्हणजे एका अंड्यापेक्षा कमी. विकणारे म्हणतात की सायटिडीनपासून शरीरात युरिडीन होतं आणि तेही मेंदूच्या पेशींच्या आवरणाला लागतं, म्हणून नुसत्या कोलीनवर तुलना करू नका. मुद्दा चुकीचा नाही. पण आवरणाला लागतं म्हणून बाहेरून दिल्यानं डोकं तल्लख होतं, ही उडी मोठी आहे.

अल्फा-जीपीसी. ४० टक्के कोलीन, ३०० च्या कॅप्सूलमध्ये १२० च्या आसपास. मेंदूपर्यंत लवकर पोचतं असा याचा लौकिक आणि किंमतही त्याच लौकिकाची. पोरांमध्ये सध्या हेच चालतं.

लेसिथिन. सोयाबीन तेल काढताना निघणारा चिकट भाग, चॉकलेट-बिस्किटांतही तोच असतो. १२०० मिलिग्रॅमची जाडजूड कॅप्सूल गिळून कोलीन मिळतं साधारण ३०-४०. कपभर दुधाएवढं.

औषध आणि सप्लिमेंट कसं ओळखायचं? दोन्हींवर सिटिकोलीनच लिहिलंय.

डबा उलटा करा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर तो अन्न म्हणून आलेला माल. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ असते, समोरच्या बाजूला मेंदूचं कितीही झगमगीत चित्र असलं तरी. औषधाच्या पट्टीवर उत्पादन परवाना क्रमांक असतो आणि चिठ्ठीशिवाय न विकण्याची सूचना. आपल्याकडे सिटिकोलीनची ५०० ची गोळी, किंवा पिरासिटाम ८०० सोबतची जोडगोळी, ही डॉक्टर लिहून देतात. अमेरिकेत हेच सिटिकोलीन सप्लिमेंट म्हणून मिळतं. एकच पदार्थ दोन दारांनी येतो, म्हणून गोंधळ.

माझ्याकडे चिठ्ठीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. "शेजारचा देतोय की" म्हणून रागावून गेलेली माणसं आहेत.

मुलगा बारावीला आहे, नीटचा क्लास लावलाय. द्यावं का?

नको.

आणखी थोडं विचारलंत म्हणून सांगतो. जागरण, सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव आणि हातात रात्री दीडपर्यंत मोबाईल, यावर कॅप्सूल हा उपाय नाही. त्याला सकाळी दोन अंडी पिवळ्यासकट द्या आणि सात तास झोपू द्या. अल्फा-जीपीसीनं काहींना डोकं दुखतं, झोप उडते. परीक्षेच्या महिन्यात हे कोणाला हवंय?

वडिलांना लकवा मारला. डॉक्टरांनी सिटिकोलीन लिहिलंय. उपयोग होतो का?

आधी एक गोष्ट. लिहिलेलं औषध इथलं वाचून बंद करू नका. ही माहिती घेऊन डॉक्टरांशी बोला.

आता पुरावा. २०१२ मध्ये 'इक्टस' नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. रक्ताच्या गुठळीमुळे झटका आलेले २२९८ रुग्ण, निम्म्यांना सहा आठवडे रोज २००० मिलिग्रॅम सिटिकोलीन, बाकीच्यांना बिनऔषधी गोळी. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. त्याच वर्षी डोक्याला मार लागलेल्या १२१३ रुग्णांवर 'कोब्रिट' चाचणी झाली, तिथंही फरक नाही. नंतर २०२० मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र घेऊन केलेल्या कॉक्रेन आढाव्याचा सूरही असाच. गोळीनं मोठा अपाय दिसला नाही, फायदाही दिसला नाही.

आधीच्या छोट्या चाचण्यांत आशा दिसली होती, म्हणून ही गोळी लिहायची सवय पडली आणि ती अजून टिकून आहे. डॉक्टरांना दोष देत नाही, झटक्यानंतर घरचे दारात उभे असतात आणि 'काहीतरी द्या' म्हणतात. पण महिन्याचं बजेट ठरलेलं असेल तर पहिला हक्क रक्तदाबाच्या गोळीचा, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा आणि फिजिओथेरपीचा. सिटिकोलीनसाठी फिजिओचं येणं थांबवलेली घरं मी पाहिली आहेत.

आणि झटका येतानाची वेळ. तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोबडी वळली, की घड्याळ बघा आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. देवऋषीला दाखवू, सकाळी बघू, यात ते तास जातात.

आई विसरायला लागली आहे. कोलीन द्यायचं का?

या प्रश्नावर मी स्वतः चुकलोय, म्हणून लांबण लावतो.

माझी आत्या कागलला असते, वय ७४. तीन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. गॅसवर दूध ठेवून देवळात जायची, एकच प्रश्न तीनदा, दुपारी उठली की सकाळ समजून दात घासायला जायची. घरात मीच 'औषधातला', मग मी शहाणपणा केला. सिटिकोलीन चालू करून दिलं, नंतर वरून अल्फा-जीपीसीची कॅप्सूल. आठ महिने. फरक शून्य. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी स्कॅनच्या आधी एकच सांगितलं, "घरात खाते त्या सगळ्या गोळ्या इथं टेबलावर ओता."

प्लास्टिकची पिशवी ओतली. बीपीची, साखरेची मेटफॉर्मिन, गॅसची, आणि तळाला सर्दीच्या गोळीच्या अकरा पट्ट्या. आत्याला एकदा सर्दीत ती गोळी घेतल्यावर छान झोप लागली होती, तेव्हापासून ती रोज रात्री एक घ्यायची. त्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं. ते सर्दीचं नाक सुकवतं आणि तेच मेंदूत धोत्र्यासारखं, अर्थात फार सौम्य, टपालपेटीचं तोंड झाकतं. म्हातारपणी एवढंही पुरतं. सकाळी मी अ‍ॅसिटिलकोलीन वाढवायला दोन गोळ्या देत होतो, रात्री ती तेच अडवणारी एक घेत होती. आणि त्या पट्ट्यांवर शिक्का माझ्याच दुकानाचा. तिचा पोरगा दर महिन्याला घेऊन जायचा, मीच बिल करायचो.

तपासात बी-१२ ही तळाला गेलेलं निघालं. आत्या शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि मेटफॉर्मिननं बी-१२ कमी होतं हे मला कॉलेजपासून माहीत होतं. सर्दीची गोळी बंद केली, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. दोन महिन्यांत आत्या मला फोनवर ओळखून शिव्या घालण्याइतकी ताळ्यावर आली. पूर्वीसारखी शंभर टक्के नाही, पण दूध आता उतू जात नाही.

म्हणून आता कोणी 'आई विसरते' म्हणत आलं की मी डबा काढत नाही, पिशवी मागतो. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन, हात थरथरण्यावरची ट्रायहेक्झिफेनिडिल, या सगळ्या कमी-जास्त प्रमाणात अ‍ॅसिटिलकोलीन अडवतात. यातली एखादी गरजेचीही असेल, स्वतः तोडू नका, डॉक्टरांना विचारा. सोबत बी-१२, थायरॉइड, साखर, कानानं ऐकू येतं का, मन खचलंय का, मध्यंतरी पडून डोक्याला मार लागला का, हे बघून घ्या. यातलं बरंचसं दुरुस्त होणारं असतं.

आणि खरंच अल्झायमर असेल तर? त्यात अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. कारखाना बंद पडत असताना कच्चा माल पाठवून काय होणार? लेसिथिनच्या चाचण्या याच आशेनं झाल्या आणि फसल्या. डॉक्टर देतात ती डोनेपेझिल उलट्या बाजूनं काम करते. अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला ती अडवते, कीटकनाशकाचीच चाल, पण मापात आणि सुटण्यासारखी. तिनंही आजार थांबत नाही, काही काळ थोडी मदत होते. अल्फा-जीपीसी दिवसाला १२०० मिलिग्रॅम देऊन झालेल्या काही चाचण्यांत अल्झायमरच्या रुग्णांच्या गुणांत सुधारणा दिसली आहे. त्या चाचण्या लहान आहेत. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलं तर मी नाक मुरडणार नाही.

जेवणातल्या कोलीनबद्दल मात्र बातमी जरा बरी आहे. फिनलंडमधल्या कुओपिओ भागात अडीच हजारांच्या आसपास पुरुषांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षात अन्नातून फॉस्फटिडिलकोलीन (अन्नातल्या कोलीनचंच एक रूप) सर्वांत जास्त घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. त्यांचं कोलीन मुख्यतः अंडी आणि मांसातून आलेलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, अंड्यामुळेच झालं असं त्यावरून म्हणता येत नाही.

सून गरोदर आहे. तिला?

इथं मात्र मी थांबून ऐकतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडताना कोलीन भरपूर लागतं, आईच्या रक्तातून ते बाळाकडे ओढलं जातं. आपल्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीत कोलीन नसतं, आणि बऱ्याच महागड्या प्रेग्नन्सी मल्टिव्हिटामिनमध्येही नसतं किंवा चिमूटभर असतं. गरोदरपणीच्या गोळ्यांत कोलीन असावं असं अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१७ मध्ये म्हटलं. कॉर्नेल विद्यापीठात २६ गरोदर बायकांवर एक अभ्यास झाला, शेवटच्या तिमाहीत निम्म्यांना रोज ४८० आणि निम्म्यांना ९३० मिलिग्रॅम. जास्त कोलीन मिळालेल्यांची बाळं चित्राकडे नजर वळवायला जरा चपळ निघाली. अभ्यास लहान आहे, पण दिशा चांगली आहे.

रोज दोन अंडी आणि दूध खाणारीला वेगळी गोळी बहुधा लागणार नाही. उलट्यांनी काही टिकत नाही, अंडं चालत नाही, दुधाचा वास सहन होत नाही, अशी असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना कोलीनबद्दल मुद्दाम विचारा. सासूबाईंनी माझ्याकडून परस्पर डबा नेऊ नये.

जास्त झालं तर काय होतं?

प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला ३५०० मिलिग्रॅम. अन्नातून तिथं कोणी पोचत नाही, डबे जोडले तर पोचता येतं. मग घाम, लाळ, मळमळ, रक्तदाब उतरणं, आणि अंगाला मासळीबाजाराचा वास. हा वास खरा आहे. आतड्यातले जंतू कोलीनपासून ट्रायमिथिलअमाइन बनवतात, तो माशाच्याच वासाचा वायू. यकृत त्याचं वास नसलेल्या टीएमएओमध्ये रूपांतर करतं. फार झालं की यकृताला झेपत नाही. काहींमध्ये हे रूपांतर करणारं एन्झाइमच जन्मतः कमी असतं, त्यांनी कोलीनच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

हा टीएमएओ रक्तात जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसतो, हे २०११ पासून चर्चेत आहे. तो कारण आहे की नुसता साक्षीदार, यावर अजून वाद चालू आहे. त्यात २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या पन्नाशीपुढच्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं की अल्फा-जीपीसी घेणाऱ्यांमध्ये पुढच्या दहा वर्षांत मेंदूचा झटका जास्त येतो. आधीच डोक्याची तक्रार असलेले लोकच ते घेत असतील, त्यामुळे फरक दिसला असेल, हीही शक्यता आहे. पण झटक्याच्या भीतीनं अल्फा-जीपीसी मागायला येणाऱ्याला मी हे सांगितल्याशिवाय सोडत नाही.

फॅटी लिव्हर आहे. कोलीननं चरबी उतरेल का?

कोलीन कमी पडल्यामुळे साठलेली असेल तर उतरेल. आपल्याकडची बहुतेक फॅटी लिव्हर पोट, साखर आणि बाटली यांच्यामुळे असते. रंकाळ्याला रोज फेरी मारा.

एवढं सांगूनही मला घ्यायचंच असेल तर?

तर सांगून घ्या. पार्किन्सनची, अल्झायमरची, फिट्सची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर. एका वेळी एकच प्रकार, डब्यावरच्या मात्रेच्या पुढं नाही, आणि सकाळी, नाश्त्यानंतर. वहीत तारीख आणि आपल्याला काय सुधारायला हवंय ते आधीच लिहा. 'जरा फ्रेश वाटतं' हे लिहू नका, 'गाडीची किल्ली आठवड्यातून चारदा हरवते' असं लिहा. दोन महिन्यांनी किल्ली मोजा. तेवढीच हरवत असेल तर दुसरा डबा घ्यायला येऊ नका, माझं नुकसान झालं तरी चालेल.

डबा परत घेता का?

सील न तोडलेला, बिल सोबत, सात दिवसांच्या आत. उघडलेला नाही. 'दोनच खाल्ल्यात, बाकीच्या मोजून बघा' हे चालत नाही.